वेगवान होडीच्या सुकाणूसाठी सर्व्हो कोणता घ्यावा?

अर्धपाण्यात
नमस्कार. सुमारे 80 सेंटिमीटर लांबीची आणि 2.2 किलो वजनाची रेडिओ-नियंत्रित होडी मी गेले काही महिने बांधत होतो. ती आता पाण्यात उतरली आहे. ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि सुकाणूसाठी जुन्या विमानातून काढलेला, प्लास्टिक गिअरचा, प्रमाण आकाराचा सर्व्हो (संदेशानुसार आपला दांडा हव्या त्या कोनात फिरवणारी छोटी मोटर) अशी मांडणी आहे. सर्व्होची ताकद 5 व्होल्टच्या आसपास 3.2 किलो-सेंटिमीटर (म्हणजे दांड्यापासून 1 सेंटिमीटरवर 3.2 किलोचा जोर) असल्याचे त्याच्या खोक्यावर छापले होते. सुकाणूचे पाते 4 सेंटिमीटर रुंद व 6 सेंटिमीटर खोल असून दांडा पात्याच्या अगदी पुढच्या कडेला आहे.

होडी सावकाश चालवताना कसलीही तक्रार नसते. पूर्ण वेगात, म्हणजे जीपीएसवर ताशी 29 किलोमीटर दिसत असताना, ती फारच मोठे वळण घेते. शिवाय पुष्कळदा वळण संपवून स्टिक सोडली तरी सुकाणू मध्यावर परतत नाही आणि होडी थोडी तिरकीच धावत राहते. आता सरळ 20 किलोचा, धातूच्या गिअरचा, जलरोधक सर्व्हो घेऊन हा विषय एकदाचा संपवावा असे मनात आहे. जाणकारांनी आपले मत द्यावे.

नवशिका खलाशी
घेऊन टाका. सर्व्होची ताकद जास्त झाली म्हणून कुणाची होडी बुडाल्याचे ऐकिवात नाही.

जुना तांडेल
ऐकिवात नसेल, पण माझ्या पाहण्यात आहे, आणि ती होडी माझीच होती.

मीही असाच विचार करून एक दांडगा सर्व्हो बसवला होता. त्याला वीज मिळत होती ती ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) आत बसवलेल्या बीईसीमधून (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून रिसीव्हर व सर्व्होला देणाऱ्या भागातून), आणि ती बीईसी जुन्या, लिनिअर पद्धतीची, 5 व्होल्ट व 2 अँपिअरची होती. मोठा सर्व्हो भाराखाली अडला की सहज अडीच-तीन अँपिअर ओढतो. पहिल्याच कडक वळणावर व्होल्टेज घसरले, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि तेवढ्या वेळात होडी सुकाणू वळवलेल्या अवस्थेत दगडी काठाकडे निघाली. फेलसेफमध्ये (संदेश तुटला की आपोआप लागू होणाऱ्या मांडणीत) मोटर बंद होण्याची सोय मी करून ठेवलेली नव्हती, हा दुसरा गाढवपणा. पुढचे सांगण्यासारखे नाही.

तेव्हा सर्व्होची ताकद पाहण्याआधी त्याला वीज कोण देणार आहे ते पाहावे. लिनिअर बीईसी बॅटरीच्या व्होल्टेजमधला फरक उष्णतेत घालवते. तीन सेलच्या 11.1 व्होल्टमधून 5 व्होल्ट काढायचे, तर प्रत्येक अँपिअरमागे सहा वॉट नुसते तापण्यात जातात. मोठा सर्व्हो घ्यायचाच असेल तर वेगळी, कमी तापणारी स्विचिंग बीईसी घ्यावी आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल तार काढून ठेवावी.

गणिती
तांडेलांचे म्हणणे मान्य, पण मुळात ताकद किती लागते याचा हिशेब कुणीच मांडलेला नाही. धागाकर्त्यांनी मापे दिलीच आहेत, तर करून पाहू.

पाण्याचा सुकाणूवरील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घनतेचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग गुणिले पात्याचे क्षेत्रफळ, आणि पूर्ण वळवलेल्या पात्यासाठी गुणांक ढोबळमानाने 1 धरू. ताशी 29 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 8 मीटर, आणि पाते 24 चौरस सेंटिमीटर. जोर येतो सुमारे 77 न्यूटन, म्हणजे 7.8 किलो. मोठ्या कोनात वळलेल्या पात्यावर हा जोर पुढच्या कडेपासून साधारण 35 ते 40 टक्के अंतरावर एकवटतो. 4 सेंटिमीटरच्या पात्यात ते अंतर दीड सेंटिमीटर धरले, आणि दांडा अगदी पुढच्या कडेला असल्यामुळे सुकाणूच्या दांड्यावर सुमारे 11.7 किलो-सेंटिमीटर एवढा टॉर्क (फिरवणारा जोर) पडतो. हाच हिशेब सेकंदाला 2 मीटर वेगासाठी केला तर उत्तर 0.73 येते. वेग चौपट झाला की भार सोळापट होतो. हळू चालवताना तक्रार नसण्याचे कारण इथे दिसते.

आता दांडा पुढच्या कडेला न ठेवता पात्याच्या रुंदीच्या 20 टक्के आत घेतला, तर जोराचे अंतर दीडवरून 0.7 सेंटिमीटरवर येते आणि तोच टॉर्क 5.5 वर उतरतो. याला संतुलित सुकाणू म्हणतात. सर्व्हो बदलण्याआधी पाते बदलण्याचा विचार करावा तो यासाठी.

आणखी एक सांगतो. खोक्यावर छापलेली ताकद म्हणजे सर्व्हो जागच्या जागी अडून बसताना लावतो ती कमाल ताकद. रोजच्या कामासाठी तिच्यातील निम्मीच आपली समजावी. तीही कोणत्या व्होल्टेजला मोजलेली आहे ते वाचावे, कारण 20 किलोचे आकडे बहुधा 6.8 किंवा 7.4 व्होल्टचे असतात आणि 5 व्होल्टवर तोच सर्व्हो बराच खाली येतो.

टगवाला
20 टक्के ठीक आहे, पण हात सैल सोडून पुढे जाऊ नये. लहान कोनात पाण्याचा जोर कडेपासून सुमारे 25 टक्क्यांवर असतो. दांडा त्याच्या मागे गेला की सुकाणू उलट वागते. मध्यावर यायचे सोडून स्वतःच बाजूला पळते आणि सर्व्होला त्याला ओढून धरावे लागते. शिवाय होडी मागे घेताना सगळे गणित फिरते, कारण तेव्हा मागची कडच पुढची होते. माझ्या टगबोटीत सर्व्होला सर्वाधिक त्रास उलट चालतानाच होतो.

शिडाची दोरी
आमच्या शिडाच्या होड्यांत वेग माणसाच्या चालण्याइतका, त्यामुळे सुकाणूला ताकद फारशी लागतच नाही. एक मीटर लांबीच्या आंतरराष्ट्रीय वर्गात होडीचे किमान वजन 4000 ग्रॅम असते, आणि त्यातही ताकद हवी असते ती शिडाच्या विंचला (शिडाची दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राला). सुकाणूच्या सर्व्होकडून आम्ही एकच अपेक्षा करतो, ती म्हणजे दर वेळी अगदी त्याच मध्यबिंदूवर परत येणे. मध्य एक-दोन अंशांनी जरी हुकला तरी संपूर्ण शर्यतभर होडी ब्रेक लावून चालल्यासारखी चालते. म्हणून गिअरमध्ये कमीत कमी ढिलाई असलेला डिजिटल सर्व्हो आम्ही पसंत करतो. धातूचे गिअर सुरुवातीला घट्ट असले तरी झिजले की त्यांच्यातही ढिलाई येते, हे लक्षात असावे.

नवशिका खलाशी
डिजिटल आणि अॅनालॉग यांत नेमका फरक काय? रिसीव्हरकडून येणारा संदेश दोघांना सारखाच असतो ना?

सोल्डरगन
संदेश सारखाच असतो. साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. त्याची रुंदी 1.5 मिलिसेकंद असली की सर्व्हो मध्यावर, आणि 1 ते 2 मिलिसेकंदांच्या दरम्यान ती बदलेल तसा तो डावीकडे-उजवीकडे जातो. फरक पडतो तो सर्व्होच्या आत. अॅनालॉग सर्व्हो स्वतःच्या मोटरला त्याच संथ ठेक्यावर, सेकंदाला सुमारे 50 वेळा, वीज देतो. डिजिटल सर्व्हो तेच काम सेकंदाला काहीशे वेळा करतो, त्यामुळे बाहेरून थोडासा जरी धक्का बसला तरी तो लगेच प्रतिकार करतो आणि मध्याला घट्ट धरून राहतो. त्याची किंमत म्हणजे जास्त वीज आणि सततची गुणगुण. उभ्या होडीतही सर्व्हो मोठ्याने गुणगुणत असेल तर कुठेतरी काहीतरी अडते आहे असे समजून एंड पॉइंट (सर्व्होने दोन्ही बाजूंना किती फिरावे याच्या मर्यादा) कमी करावेत.

जुना तांडेल
सगळे हिशेब वाचले आणि पटले, पण मला धागाकर्त्यांच्या पहिल्या मजकुरातली एक गोष्ट खटकते आहे. दांडा पुढच्या कडेला असलेले सुकाणू चालत्या पाण्यात आपणहून मध्यावर येते. वाऱ्यावरच्या कोंबड्याप्रमाणे ते मागे ओढले जाते. सर्व्हो अशक्त असेल तर सुकाणू पुरेसे वळणार नाही, हे खरे. परंतु वळलेले सुकाणू परत येत नाही हे अशक्तपणाचे लक्षण होऊच शकत नाही, कारण परत येताना पाणी सर्व्होच्याच बाजूने असते. तेव्हा तुमच्याकडे एक नसून दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि 20 किलोचा सर्व्हो फार तर दुसरीला दडपून टाकील.

होडी टेबलावर घ्या, सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा छोटा हात) सोडवा आणि सुकाणू बोटाने फिरवून पाहा. ते स्वतःच्या वजनाने हलावे इतके सैल हवे.

गणिती
हे माझ्या नजरेतून निसटले होते. तांडेलांशी पूर्ण सहमत.

पाणबुड्या
मोठ्या वळणाबाबत थोडा वेगळा मुद्दा मांडतो. वेगात सुकाणूच्या पात्यामागे दाब कमी होतो आणि पाते पृष्ठभागाच्या जवळ असेल तर वरून हवा खाली ओढली जाते. पात्याच्या एका अंगाला पाण्याऐवजी हवा आली की जोर अर्ध्याहून कमी होतो आणि होडी सरळ घसरत जाते. अशा वेळी सर्व्हो कितीही ताकदवान असला तरी उपयोग नाही. उलट कोन वाढवला की हवा अधिकच ओढली जाते. 35 अंशांपलीकडे वळवून तसेही फारसे काही मिळत नाही, सुकाणूचा नुसता ब्रेक होतो. गणितींच्या हिशेबात ही हवा कुठेच नाही.

गणिती
बरोबर आहे, पण हवा शिरली तर भार माझ्या आकड्यापेक्षा कमीच होईल. सर्व्हो निवडताना वाईटात वाईट स्थिती धरावी लागते, म्हणून तो आकडा मी सोडणार नाही. मोठ्या वळणाचे कारण हवा की सर्व्हो, हे मात्र कागदावर ठरणारे नाही.

सोल्डरगन
ते ठरवायला छोटा कॅमेरा हलच्या (होडीच्या मुख्य सांगाड्याच्या) आत बसवा, सर्व्होकडे आणि टिलरकडे (सुकाणूच्या दांड्यावरच्या हाताकडे) रोखून. हॉर्नखाली कोनाच्या रेघा मारलेला कागद चिकटवा. हॉर्न पूर्ण फिरला आणि टिलर फिरला नाही तर दोष जोडणीत, हॉर्नच अडला तर सर्व्होत, आणि दोघेही पूर्ण फिरले तर पाणबुड्या जिंकले.

टगवाला
जाता जाता एक. हे यंत्र मुळात आपल्याच कामासाठी जन्मले. जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर फिरवणाऱ्या यंत्रणेवर जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने 1873 मध्ये पुस्तक लिहिले आणि तिला सर्व्हो-मोटर असे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुलाम. खलाशाच्या हाताची हालचाल जशीच्या तशी पाळणारा गुलाम. पुढे 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर रेडिओने चालवून दाखवली तीही होडीच होती. विमानवाले मंडळी सर्व्हो आपलाच असल्यासारखे बोलतात, म्हणून सांगून ठेवले.

आणि सर्वांनाच वेगवान सर्व्हो हवा असतो असेही नाही. सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खऱ्या जहाजाचे सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांच्या आत गेले पाहिजे. 1:50 प्रमाणाच्या प्रतिकृतीत वेळ वर्गमुळाच्या हिशेबाने कमी केली तर ते सुमारे 4 सेकंद होतात. आपला साधा सर्व्हो तेवढा प्रवास पाव सेकंदात उरकतो आणि भले थोरले जहाज माशासारखी शेपटी हलवताना दिसते. मी ट्रान्समीटरमधून सर्व्होचा वेग मुद्दाम कमी करून ठेवला आहे.

शिडाची दोरी
जलरोधक सर्व्होबद्दल धागाकर्त्यांनी विचारले होते, ते मागे पडले. जलरोधक सर्व्होत दांड्याभोवती आणि झाकणाच्या सांध्यांत रबरी कड्या असतात, पण कनेक्टर उघडाच राहतो आणि रिसीव्हरही. हलमध्ये पाणी शिरू न देणे हे पहिले काम. सुकाणूच्या दांड्याची नळी पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत न्यावी, तिच्यात ग्रीस भरावे आणि पुशरॉड (सर्व्हो आणि सुकाणू यांना जोडणारी तार) हलबाहेर जात असेल तर तिथे रबरी भाता लावावा. काही जण साधा सर्व्हो फुग्यात घालतात आणि वर पेट्रोलियम जेली फासतात. ती जेली नैसर्गिक रबर खाते, त्यामुळे काही दिवसांनी फुगा आपोआप फाटतो. मी एकदा खाऱ्या पाण्यातून आल्यावर होडी तशीच ठेवली होती. महिन्याभरात सर्व्होच्या आतील पोटेन्शिओमीटर (दांडा कुठे आहे ते मोजणारा भाग) गंजला आणि सुकाणूला मध्याजवळ फेफरे येऊ लागले. गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवणे एवढे केले असते तर तो वाचला असता.

अर्धपाण्यात
सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस टेबलावर बसून तपासणी केली, ती सविस्तर लिहितो.

तांडेलकाकांचे निदान अचूक निघाले. हॉर्न सोडवून सुकाणू फिरवले तर उजवीकडे शेवटच्या काही अंशांत ते चक्क अडकत होते. पितळेची नळी चिकटवताना एपॉक्सीचा एक थेंब आत गेला होता आणि दांडाही किंचित वाकलेला होता. नळी साफ केली, दांडा बदलला, ग्रीस भरले. आता सुकाणू फुंकरीने हलते.

त्यानंतर कॅमेरा बसवून होडी पळवली. एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती, ती महत्त्वाची वाटली नव्हती. होडी डावीकडे बऱ्यापैकी वळते, मोठे वळण ती घेते फक्त उजवीकडे. चित्रणात दिसले ते असे की डावीकडे वळताना सर्व्हो पुशरॉड ओढतो आणि सगळे ठीक चालते. उजवीकडे वळताना तो ढकलतो, हॉर्न जवळजवळ पूर्ण फिरतो, आणि मधली 25 सेंटिमीटर लांबीची, दीड मिलिमीटर जाडीची तार धनुष्यासारखी वाकते. टिलर निम्माच फिरतो.

पाणबुड्या
हरलो. पण हरताना आनंद झाला.

गणिती
तारेचा कणखरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. दीडऐवजी दोन मिलिमीटरची तार घेतलीत तर वाकण्याचा प्रतिकार तिपटीहून अधिक होईल. मध्यभागी एक आधार देऊन मोकळी लांबी निम्मी केलीत तर आणखी चौपट. सर्व्होच हलवता येत असेल तर तो सुकाणूजवळ आणणे सर्वांत उत्तम.

हॉर्न आणि टिलर यांच्या लांबीही कळवा.

अर्धपाण्यात
हॉर्नवर तार 1.8 सेंटिमीटरवर जोडली आहे आणि टिलरवर 1.2 सेंटिमीटरवर.

जुना तांडेल
म्हणजे असलेल्या 3.2 किलोमधूनही तुम्ही सुकाणूपर्यंत जेमतेम 2.1 पोहोचवत होता. उलटे करा. टिलर लांब आणि हॉर्न आखूड ठेवला की कोन कमी मिळतो पण ताकद वाढते. हॉर्न 1.2 आणि टिलर 2 केलात, आणि सर्व्हो दोन्हीकडे 60 अंश फिरत असेल, तर सुकाणूला 30 अंशांच्या पुढे कोन मिळतो. वेगवान होडीला तो पुरून उरतो. ट्रान्समीटरवर हालचाल कमी करून कोन घटवणे हा याला पर्याय नाही, त्यात ताकद वाढत नाही. जोडणीतच बदल हवा.

नियामक
धागा छान चालला आहे. मात्र धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न सर्व्हो कोणता घ्यावा हा होता, त्याचे उत्तर अजून कुणी स्पष्ट दिलेले दिसत नाही.

गणिती
देतो. पाते संतुलित केले तर दांड्यावर 5.5 किलो-सेंटिमीटर भार. हॉर्न 1.2 आणि टिलर 2 या जोडणीत सर्व्होवर त्यातले सुमारे 3.3 येतात. कमाल ताकदीच्या निम्म्याने काम घ्यायचे म्हणजे 6 व्होल्टला किमान 7, आणि घर्षणासाठी थोडी शिल्लक ठेवून 9 ते 10 किलो-सेंटिमीटरचा, धातूच्या गिअरचा, प्रमाण आकाराचा डिजिटल सर्व्हो. वेग 60 अंशांना 0.20 सेकंदांहून संथ नसावा. 20 किलोची गरज नाही.

सोल्डरगन
यात एवढीच भर की सर्व्होवर 6 व्होल्टची मर्यादा लिहिलेली असेल तर त्याला दोन सेलच्या लिपोवरून थेट वीज देऊ नये. पूर्ण चार्ज झालेली ती बॅटरी 8.4 व्होल्ट देते. आणि धातूचे गिअर घेतले तर पाण्यातल्या लाकडाला सुकाणू आपटल्यावर काय तुटावे हे आधीच ठरवून ठेवावे. सुकाणूच्या कंसात नायलॉनचा एक स्क्रू ठेवला तर तो तुटतो आणि बाकी सगळे वाचते.

अर्धपाण्यात
तिसऱ्या आठवड्याचा वृत्तांत. पाते नवे केले, दांडा 0.8 सेंटिमीटर आत घेतला. पुशरॉड 2 मिलिमीटरची केली आणि तिला मध्ये आधार दिला. उत्सुकता म्हणून आधी जुनाच सर्व्हो ठेवून होडी पळवली. दोन्ही बाजूंची वळणे सारखी झाली आणि सुकाणू प्रत्येक वेळी मध्यावर परतले. फक्त पूर्ण वेगातील पूर्ण वळणात हॉर्न पाण्याच्या जोराने पाच-सहा अंश मागे ढकलला जाताना कॅमेऱ्यात दिसतो. म्हणून 6 व्होल्टला 9 किलोचा डिजिटल सर्व्हो आणि स्वतंत्र स्विचिंग बीईसी घेतली. फेलसेफमध्ये मोटर बंद आणि सुकाणू किंचित डावीकडे ठेवले आहे.

आता नवी अडचण. सोबत घेतलेला धातूचा हॉर्न सर्व्होच्या दांड्यावर बसतच नाही. अर्धा जातो आणि अडतो. हलक्या हातोडीने ठोकून बसवावा का?

टगवाला
हातोडी खाली ठेवा!

जुना तांडेल
दांड्यावरचे दात मोजा. फुताबा कंपनीच्या पद्धतीला 25, हायटेक कंपनीच्या 24 आणि जेआर कंपनीच्या 23 असतात, आणि डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. जबरदस्तीने बसवलेला हॉर्न भाराखाली एक दात सरकतो आणि तुमचा मध्य पुन्हा हरवतो. योग्य हॉर्न येईपर्यंत सर्व्होच्या खोक्यात आलेला प्लास्टिकचाच वापरा. त्याचा मधला स्क्रूही त्याच खोक्यातला घ्या, कारण जास्त लांब स्क्रू आत जाऊन दांड्याचे आटे फाडतो.

अर्धपाण्यात
मोजले. सर्व्होला 24 आहेत, हॉर्नला 25. प्लास्टिकचा बसवून रविवारी पाण्यात उतरतो.